हो, मी जळते! एका पाइपच्या दुर्बिणीची कैफियत

"काय गं म्हातारे, नवीवर जळतेस का?"

मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून यास्नाने माझ्या तोंडाशी तोंड नेऊन हे विचारले आणि अंगणभर खिदळणे झाले. मित्रांनो, तिला ऐकू गेले नाही, पण मी उत्तर दिले होते. हो! जळते! पार कोळसा होईपर्यंत जळते!

मी एक जुनी दुर्बीण आहे, चिलीतल्या विकुन्या गावची. यास्नाचे बाबा एलेओदोरो द्राक्षांच्या पॅकिंगमध्ये कामाला. एका हिवाळ्यात रोज कामावरून येऊन त्यांनी काचेवर काच घासली, तेव्हा कुठे माझा आरसा झाला. अंग मात्र सांडपाण्याच्या पाइपचे. असू दे! शनीची कडी बघायला अख्खी गल्ली माझ्यापुढे रांग लावायची. एम्पानादा, म्हणजे आमच्याकडची खारी करंजी, खाल्लेली तेलकट बोटे लागायची, तीसुद्धा मला आवडायची.

मग यास्नाच्या पंधराव्या वाढदिवसाला काकाने नवी आणली. पांढरीशुभ्र, गुळगुळीत, सोबत कॅमेरा! माझ्यावर द्राक्षे वाळवायचे फडके पडले.

यास्ना लघुग्रहांचे फोटो काढू लागली. आकाशाच्या एकाच तुकड्याचे, अर्ध्या अर्ध्या तासाने, तीन. संगणकावर तिन्ही फोटो एकमेकांवर ठेवून ताऱ्यांवर तारे बसवायचे. मग जो ठिपका सरकतो तो लघुग्रह. एकदा असा ठिपका सरकला, जो कुठल्याच यादीत नव्हता! बाईंनी सोमवारी शाळेत सत्कार ठरवला. मी फडक्याखाली धुमसत राहिले.

त्यात आई एर्मिंदा म्हणाली, "आता हे धूड कशाला? पाइप कापून कोंबड्यांना पाणी ठेवू."

"अगं, अख्खा हिवाळा घासलाय मी तो आरसा," बाबा पुटपुटले.

"मग काढून घे आणि दाढी कर त्यात!"

रविवारी मैत्रिणी आल्या आणि तो प्रश्न झाला. जाताना त्यांतली निनोस्का म्हणाली, "म्हातारीलाही दाखव की तुझा लघुग्रह!"

अंधार पडल्यावर यास्नाने खरेच कॅमेरा मला लावला. लघुग्रह दिसला होता त्या बाजूला ढग होते, म्हणून माझे तोंड भलतीकडेच वळवले. तीन फोटो काढले, ताऱ्यांवर तारे बसवले. ठिपका सरकला! त्याच कोपऱ्यात, त्याच चालीने. आकाश दुसरे, ठिपका तोच!

यास्नाचा चेहरा उतरला. ठिपका आकाशात नव्हताच, कॅमेऱ्यात होता. त्यातला एक बिघडलेला कण, म्हणजे पिक्सेल, सदा चमकत असे. दोन फोटोंमध्ये कुठलीही दुर्बीण केसभर घसरते, म्हणून तारे जुळवताना तो कण चालल्यासारखा वाटे.

मी हसले, मित्रांनो. नवीची फजिती! पण यास्ना माझ्याच फडक्याला डोळे पुसू लागली आणि माझे हसू विरले. नवीचा यात काय दोष? तिचीही काच कुणीतरी घासलीच असेल.

तरी जळते. थोडीशी.

नवी वस्तू जरूर आणा, पण जुनीला मोडीत काढण्याआधी एकदा तिच्याकडून काम करून घ्या.

स्वयंपाकघरातून आईने हाक मारली, "यास्ना, उद्याच्या सत्काराच्या केकवर लघुग्रहाचं नाव काय लिहू?"

यास्ना दारात उभी राहिली.

"काही लिहू नकोस, आई. तो लघुग्रह नाही, कॅमेऱ्याची खोड आहे. उद्या वर्गासमोर मीच सांगणार. आणि बाबा, म्हातारीला करवत लावायची नाही. यापुढे प्रत्येक ठिपका आधी तिला दाखवणार, मगच जगाला!"