वहीत हाफिजभाऊचं नाव

नवरा गेल्यावर सरकारनं मले चंद्रपुरात एसटीडी बूथ देल्लं. फोनवरचा धंदा मले जमला, पण बाहेरदेशाचा तो लांबलचक नंबर लावताना माही बोटं हटकून चुकत. मग बाजूच्या दुकानातल्या हाफिज टेलरले हाक मारायची. हातातलं शिवण ठेवून तो येई अन् नंबर लावून देई.

अमेरिकेत त्या इमारती पाडल्या त्या वर्षी ठाण्यातून शिपाई आला. अतिरेक्यायचे फोन धरायचे आहेत म्हणे, बाहेरदेशी बोलणाऱ्याचं नाव-पत्ता वहीत लिवायचं. मले काई वाईट वाटलं नाई त्याचं. मी नवी वही आणली.

पण बोलाले येत कोण? बाया. पोरं दुबईले, त्यायच्या माया इथी. त्यातली खैरुन म्हणे, "रंभाबाई, पोलिसाच्या वहीत माहं नाव नका टाकू. घरचे येऊ देणार नाईत."

"कर नाई त्याले डर काह्यचा?" मी चिडली. मागं लाईन लागली होती.

हाफिजभाऊ म्हणे, "माहं नाव लिवा बाई. नंबर तं मीच लावून राह्यलो."

मी लिवलं. मंग सगळ्याच बायायसाठी त्याचंच नाव लिवत गेली. पाच महिन्यात त्याच्या नावावर त्र्याऐंशी फोन झाले.

एक दिवस मोठे साहेब आले. वही चाळली. हाफिजभाऊ दारातच होता. साहेबानं मले विचारलं, "हे सगळे फोन यानंच केले?"

वहीत खोटं लिवलं म्हणाव तं बूथ जाते. घरी दोन पोरी होत्या माह्या. मी म्हणलं, "हो." हाफिजभाऊ जीपमंधी जाऊन बसला.

तीन दिवस मी मूग गिळून बसली. चौथ्या दिवशी खैरुनच आली. "चला बाई, माहं नाव सांगू ठाण्यात." तिच्यामागं सहा बाया होत्या. त्यायनं आपलं नाव सांगतलं, पोराचं सांगतलं, अन् मी वहीतलं खोटं कबूल केलं.

साहेबानं सगळं लिहून घेतलं. मग म्हणाले, "बाई, हे त्याच दिवशी सांगायचं होतं. फोन कोणासाठी लावले, हे आम्ही त्याला तीन दिवस विचारत होतो. त्यानं एकाही बाईचं नाव सांगितलं नाही. त्यामुळेच संशय वाढला. काल त्याला नागपूरला पाठवलं."

बूथ काई गेलं नाई. नुसती ताकीद भेटली.

हाफिजभाऊ एकोणीस दिवसानं सुटला. तोवर त्याच्या पोरीचं, शगुफ्ताचं, बल्लारपूरले ठरलेलं लग्न मोडलं होतं. अतिरेक्याची पोरगी नको, म्हणे पोराकडचे.

सगळं कबूल कराचं ठरवून मी त्याच्या घरी गेली. तो खाटेवर पडून होता, पार वाळून गेलता. मी तोंड उघडाच्या आत शगुफ्तानं माहे दोन्ही हात धरले.

"काकू, अब्बानं सांगतलं. तुमी ठाण्यात जाऊन लढल्या म्हणून ते सुटले."

मी हाफिजभाऊकडं पाह्यलं. त्यानं तोंड भिताडाकडं केलं.

सांग रंभे, आता तरी सांग, माहं मन म्हणत होतं. पोर माहे हात सोडून नाई राह्यली.

"शेजारी आहोत पोरी," मी म्हणलं, "येवढं तं कराच लागते."