कमानीतलं मूळ

मटिल्डाने कमानीखालच्या रांगोळीत अशोकचक्र काढायला घेतलं, आणि वरून तिच्या मनगटावर चिमूटभर चुना पडला. तिने फुंकर मारली. पुन्हा पडला. तिने मान वर केली.

माथ्यावर, दोन आठवड्यांमागे जिथे पिंपळ होता तिथून, भेग निघाली होती. करंगळी जाईल एवढी. मधला दगड बोटभर खाली उतरला होता, पडायच्या आधी दात उतरतो तसा.

तो पिंपळ तिनेच काढला होता. होळी गावच्या वाडीत भाजी-केळी पिकवणारी बाई. वसईचा किल्ला दर रविवारी झाडून काढणाऱ्या मंडळीत तिच्यासारखा कोयता कोणाचा चालत नसे. खोड तोडून ती थांबली नाही. दोर बांधून मूळही उपसलं, चांगलं हातभर, आणि खाली टाळ्या पडल्या. मंडळीचे प्रमुख गुरुदत्तभाऊ, आगाशीचे सत्तरीतले बागायतदार, यांनी तिच्या गळ्यात झेंडूची माळ घातली. फोटो निघाला, गावभर फिरला. पुरातत्त्व खात्याला विचारावं असं कोणाच्या मनातही आलं नाही. आईचे केस विंचरायला परवानगी कसली?

आता तिला घरचं बावखल आठवलं, वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. काठावरच्या उंबराला सासरे कोणाला हात लावू देत नसत. "मूळ आहे म्हणून काठ आहे," म्हणायचे. मातीचं तिला ठाऊक होतं. दगडाचं ध्यानातच आलं नाही.

साडेसात झाले होते. आठला शाळेची दीडशे मुलं बँड वाजवत याच कमानीखालून आतल्या मैदानात झेंडावंदनाला जाणार होती.

"भाऊ, वर बघा जरा."

गुरुदत्तभाऊंनी वर ओझरती नजर टाकली. "जुनी भेग असेल."

"जुनी नाही. रविवार न् रविवार बघते मी हिला."

"अगं, तोफा पचवल्यात हिने. शाळेच्या ढोलाने पडते होय?"

"तोफांच्या वेळी हिला आतून कोणी उपसलं नव्हतं, भाऊ."

निमिष स्पीकर उचलून चालला होता. मंडळीतला सगळ्यात थट्टेखोर. "मटिल्डामावशी घाबरल्या! तुमच्याच पोर्तुगीजांचं काम ना, मावशी? गॅरंटी कार्ड नाही दिलं?"

"त्यांनी आमच्या माणसांना दगड वाहायला लावले रे बाबा. कार्डबिर्ड कोणी दिलं नाही."

सगळे हसले. ती हसली नाही. लग्नाचे तांदूळ कांडताना तिची आई म्हणायची:

*कोटाच्या भिंतीला ग, दगड किती बाई,*
*वाहणाऱ्या हातांचं ग, नाव कुठं नाही.*

नाव नाही, तरी कोट आपला. तिरंगा छातीला टाचून दर सव्वीस जानेवारीला ती इथे यायची ते एवढ्यासाठीच. ज्यांनी उचलला, त्यांचा तो.

गुरुदत्तभाऊंनी तिला बाजूला घेतलं. आवाज हळू, मायेचा. म्हणूनच तिला जास्त भीती वाटली.

"मूळ आपण काढलं हे बोलायचं नाही. संरक्षित वास्तू आहे, गुन्हा लागतो. आणि नाव कोणाचं येईल? कोयता तुझ्या हातात दिसतो फोटोत. मग लोक काय म्हणतील, तुला सांगायला हवं का?"

नको होतं. तिला सगळं ऐकू येत होतं. या किरिस्तावांनीच कोट पाडला. मुद्दाम पाडला. कोपऱ्यावरच्या दुकानात, भाजीच्या पाट्यांमागे, पोरीच्या शाळेच्या फाटकाशी. जन्मभर.

"तासाभराचा कार्यक्रम आहे," भाऊ म्हणाले. "उद्या गुपचूप टेकू लावू."

रस्त्याच्या वळणावर ढोल वाजला. धम्. आणि कमानीतून बारीक, पांढरी धार निसटली. चाळणीतून पीठ निसटावं तशी.

मटिल्डा धावली. पायांत पाय अडकत होते. पहिल्या रांगेपुढे तिने दोन्ही हात पसरले. मुलांना घेऊन येणाऱ्या प्रिस्काबाई दचकल्या.

"काय झालं गं?"

"थांबवा. ढोल थांबवा आधी! कमान येईल खाली." तिचा आवाज फाटला. "तिच्यातलं मूळ मी काढलं. मीच. भिंतीला वळसा घालून पलीकडच्या वाटेने न्या पोरांना."

ढोल बंद पडले. मोठी माणसं तिच्याकडे बघत राहिली. कोणी कुजबुजलं. कोणी फोन वर धरला.

किल्ल्याच्या पहारेकऱ्याने कमानीला दोन्ही बाजूंनी आडवा दोर बांधला, वहीत तिचं नाव लिहून घेतलं. "कुठे जाऊ नका. खात्याचे साहेब निघालेत." मुलं वळसा घालून गेली. निमिष मान खाली घालून स्पीकर घेऊन गेला. गुरुदत्तभाऊ गेले, तिच्याकडे न बघता.

दोराच्या अलीकडे ती आणि पहारेकरी उरले.

भिंतीपलीकडे राष्ट्रगीत सुरू झालं. ती सावधान उभी राहिली. झेंडा दिसत नव्हता. तिची नजर त्या एका दगडावर होती. पड आता, असं एकदा मनात आलं. पडलास तर मी खोटी तरी ठरणार नाही. आणि या विचाराने तिच्या अंगावर काटा आला, भेगेने आला नव्हता एवढा. मनातल्या मनात तिने दगडाची माफी मागितली. थांब रे. धर.

दगड हलला नाही. चुना तेवढा झिरपत राहिला.

गीत संपलं, जयघोष उठला, मग गलका. आणि कमानीच्या पलीकडून गुरुदत्तभाऊ येताना दिसले. तरातरा, सरळ रेषेत, तिच्याच रोखाने. संतापून की आणखी कशाने, एवढ्या लांबून कळत नव्हतं. दोर त्यांना दिसत नव्हता, की दिसूनही जुमानायचा नव्हता?

"भाऊ!" ती किंचाळली. "खालून नको! वळसा घाला!"

ते थांबले. मान वर केली. या वेळी पुष्कळ वेळ बघत राहिले.

मग मागे वळले आणि भिंतीच्या कडेने चालू लागले. वळसा लांबचा होता. मटिल्डा तिथेच मातीत बसली आणि त्यांची वाट बघू लागली.