पाच नंबरचं चित्र

“परत वाजव,” रेलीन हेडसेटमधून म्हणाली.

मी स्टेजच्या मधोमध उभा राहून तिसऱ्यांदा टाळी वाजवली. एरवी एका टाळीत काम भागायचं. रोज सकाळी मी खाली टाळी वाजवायची आणि प्रेक्षागृहाच्या मागे, वरच्या काचबंद खोलीत बसलेल्या रेलीनने पाच कॅमेऱ्यांची चित्रं तपासायची, हा आमचा नेम. कॅमेऱ्याचं चित्र तारेतून कॉम्प्युटरमध्ये जातं, तिथून सॉफ्टवेअर ते मोठ्या पडद्यावर टाकतं, आणि या सगळ्यात सेकंदाचा थोडा अंश जातोच. प्रत्येक कॅमेरा जरासा मागे असतो. सगळे सारखेच मागे असले की झालं.

“अजून एकदा,” ती म्हणाली. “आणि डेस, घाई नको करूस. हात लांब ने, मग वाजव.”

वाजवली. मग तिने मला वर बोलावलं.

ती नेहमीसारखीच बसली होती, पाठ ताठ, लोकरी जाकिट खुर्चीला अडकवलेलं. लॉन्सेस्टनमध्ये जुलैत, म्हणजे आमच्या ऐन हिवाळ्यात, नदीवरचं धुकं दुपारपर्यंत हलत नाही आणि त्या खोलीत हीटर नव्हता. माझा दिव्यांचा बोर्ड तिच्या शेजारीच. आठ वर्षं आम्ही असे खांद्याला खांदा लावून बसत होतो. त्याआधी तेवीस वर्षं ती इथल्या टीव्ही स्टेशनात होती. बातम्या चालू असताना कुठल्या कॅमेऱ्याचं चित्र घराघरांत जाणार हे तिचं बोट ठरवायचं. एकदा समुद्रात बुडालेल्या एका पोराच्या आईला किनाऱ्यावर पोलीस काहीतरी सांगत होते, कॅमेरा अगदी तिच्या तोंडासमोर होता, आणि रेलीनने ते चित्र काढून रिकामं पाणी दाखवलं. साहेबांनी झाडलं तेव्हा ती म्हणे एवढंच बोलली, की ते दुःख त्या बाईचं होतं. पुढे इथल्या बातम्या बंद झाल्या आणि ती आमच्याकडे आली.

“पाच नंबर पुढे आहे,” ती म्हणाली.

मला वाटलं, इतरांपेक्षा कमी मागे आहे असं तिला म्हणायचंय. तिने मान हलवली. “चौघांच्या पुढे नाही. तुझ्या पुढे. मी काचेतून तुला बघत होते. तुझे हात लांब होते, आणि पाच नंबरवर टाळी वाजून गेली होती.”

पाच नंबरचा कॅमेरा स्टेजच्या खाली, तळघरात होता. स्टेजच्या जमिनीत एक चौकोनी जाड काच बसवली होती आणि कॅमेरा तिच्यातून वर बघायचा. तेव्हा चालू असलेल्या नाचाच्या कार्यक्रमात ही काच महत्त्वाची होती. सिना नावाची सामोअन मुलगी शेवटी त्या काचेवर नाचायची. ती हात उचलेल, वळेल, तसं सॉफ्टवेअर तिच्या हालचालीवरून चित्रं बदलायचं, आणि मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर तिचे तळवे दिसायचे, जणू ती आपल्याच डोक्यावर चालतेय.

रेलीनने केबल बदलली. कॅमेरा बदलला. पाच नंबरचा कॅमेरा वर आणून लावला तर तो शहाण्यासारखा मागे राहिला. वरचा कॅमेरा खाली नेला की तो पुढे धावू लागला. दिग्दर्शक किअरनला तिने सांगितलं तेव्हा तो हसला. घड्याळं जुळत नसतील, त्या चित्राला उशीर घाल आणि मोकळी हो, म्हणाला. तिने उशीर घातला. मागे पडलेलं चित्र पुढे ओढता येत नाही, पण पुढे गेलेलं थांबवून धरता येतं. प्रेक्षकांच्या पडद्यावर सगळं जुळलं. फक्त रेलीनच्या समोरच्या एका छोट्या चौकोनात ते चित्र जसं येत होतं तसं दिसत राहिलं.

बुधवारी ते तीन सेकंद पुढे होतं. गुरुवारी अकरा.

गुरुवारी दुपारी मी स्टेजवर एक दिवा नीट करत होतो. हेडसेटमध्ये रेलीन हळूच म्हणाली, “डेस, तू आता काचेवर वाकून बुटाची नाडी बांधणार आहेस.”

मी काचेकडेच निघालो होतो. नाडी खरंच सुटली होती, पण ते माझ्या लक्षात तिच्या बोलण्याने आलं. मी थांबलो. काचेपासून दोन पावलांवर तसाच उभा राहिलो, हात खिशात घालून.

“नाही बांधत,” मी म्हणालो.

“बरं.” मग जरा वेळाने, “इथे तू बांधतोयस.”

मी वर धावलो नाही. ती सांगत होती आणि मी ऐकत होतो. चौकोनातला माणूस नाडी बांधून झाल्यावर लगेच उठला नाही. त्याने दोन्ही हात काचेवर टेकले आणि खाली बघितलं, थेट कॅमेऱ्यात, कुणीतरी खाली आहे असं वाटल्यासारखं. मग तो उठून गेला. काच रिकामी झाली.

त्या संध्याकाळी आम्ही नेहमीसारखं काम आवरलं. तिने थर्मासमधला चहा मला दिला.

शुक्रवारी सकाळी अकराचा खेळ शाळांसाठी होता. तीनशेच्या आसपास मुलं, सगळी निरनिराळ्या रंगांच्या स्वेटरात, खुर्च्या वरखाली करत बसलेली. सुरुवात छान झाली. मुलं हसायच्या जागी हसली. रेलीनची बोटं बटणांवर फिरत होती आणि मी माझे दिवे सांभाळत होतो. शेवटचा नाच यायला थोडा अवकाश होता. सिना अजून पडद्याआड पाणी पीत होती.

रेलीनचा श्वास मला ऐकू आला. नुसता श्वास. मी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या समोरच्या चौकोनाकडे.

काच नव्हती. चौकोनात अर्ध्या भागात केस होते, आणि बाकीच्या भागात एक हात, उताणा, बोटं उघडी. करंगळीला चांदीची बारीक अंगठी. सिनाच्या बोटात ती अंगठी मी रोज बघत होतो. हात हलत नव्हता.

“किती पुढे आहे?” मी विचारलं.

“दीड मिनिटाच्या आत,” ती म्हणाली आणि हेडसेटचं बटण दाबलं. “फिलिपा, खेळ थांबव.”

फिलिपा म्हणजे आमची स्टेज मॅनेजर. विंगेत उभं राहून सगळ्यांना हुकूम देणारी. तिने कारण विचारलं. साहजिकच होतं. भर खेळात कुणी उगाच थांबत नाही. सिना स्टेजवर आली होती आणि काचेच्या दिशेने पहिली पावलं टाकत होती. मुलं एकदम गप्प झाली होती.

“काच फुटणार आहे,” रेलीन म्हणाली. “मी बघितलंय. सिनाला मागे घे, पडदा पाड. माझ्या नावावर.”

तिचा आवाज चढला नव्हता. मला वाटतं फिलिपाने त्या आवाजाचं ऐकलं. पडदा पडला, मी प्रेक्षागृहाचे दिवे लावले, आणि तीनशे मुलांचा कलकलाट एकदम उसळला.

रेलीन तिथून हलली नाही. चौकोनाकडे बघत राहिली. मी म्हणालो, बंद कर ते. तिने मान हलवली. “तिच्याजवळ कुणी आलेलं नाही अजून,” ती म्हणाली. मी बघितलं नाही. माझ्या बोर्डावर नजर ठेवून बसलो. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “आलं.” आणि मग, “काच आली परत.” मी वळलो तेव्हा चौकोनात नेहमीची काच होती आणि तिच्यावरून फिलिपाचे बूट चालले होते.

काचेला काही झालं नव्हतं. साधा चरा नव्हता. कारागीर आले, त्यांनी खालून दिवे मारून बघितलं, वाळूची पोती रचली, चार माणसं एकदम उभी राहिली. काच हूं की चूं करेना. कॉम्प्युटरने साठवून ठेवलेलं चित्रही तपासलं. त्यात काच होती, सिनाची सावली जवळ येताना दिसत होती, मग ती थांबते आणि मागे फिरते. बस.

सोमवारी बैठक झाली. थिएटरची मॅनेजर, किअरन, फिलिपा, सिना, रेलीन आणि मी. कुणी ओरडलं नाही. शाळांनी विचारणा केली होती, किअरनच्या पुढच्या दौऱ्याची बोलणी अडकली होती. मॅनेजरने रेलीनला विचारलं, आणि तिने जे पाहिलं ते जसंच्या तसं सांगितलं, मंगळवारच्या टाळीपासून. मधेच किअरन खिडकीबाहेर बघू लागला. तिच्या बोलण्यात माझ्या नाडीची गोष्ट नव्हती. ती तिने गाळली होती.

मग मॅनेजर माझ्याकडे वळली. “डेस, तू शेजारीच होतास. तू काय बघितलंस?”

मी एकोणपन्नास वर्षांचा आहे. दिव्यांखेरीज मला दुसरं काम येत नाही आणि या गावात थिएटर एकच. हे सगळं तेव्हा मनात आलं असं नाही. ते नंतर जुळवलेलं. तेव्हा मला फक्त ती बोटं दिसत होती, आणि समोर सिना बसली होती, हात मांडीवर ठेवून, करंगळीतली अंगठी फिरवत.

मी तोंड उघडलं, पण रेलीन आधी बोलली.

“त्याचं काम दिव्यांचं आहे. त्याने स्टेजकडे बघायचं असतं, माझ्या पडद्यांकडे नाही.”

“डेस?” मॅनेजर म्हणाली.

“मी स्टेजकडे बघत होतो,” मी म्हणालो.

रेलीनने माझ्याकडे बघितलं नाही. रागाने नव्हे; एकदा त्या बुडालेल्या पोराच्या आईवरून तिने कॅमेरा काढला असेल, तसंच. तिला विश्रांतीची गरज आहे असं ठरलं. तिने जाकिट घातलं, सगळ्यांना येते म्हणाली आणि गेली. जिन्यात सिनाने तिला गाठलं. त्यांचं काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. दरवाजाच्या फटीतून एवढंच दिसलं, की सिना तिच्यापेक्षा वीतभर उंच असूनही वाकून तिच्या खांद्यावर कपाळ टेकवून उभी होती.

रेलीनच्या जागी होबार्टहून एक तरुण माणूस आला. हुशार आहे. पाच नंबर आता चार फ्रेम, म्हणजे सेकंदाचा थोडा अंश, मागे असतो, बाकीच्यांसारखा. काच त्यांनी काढली नाही. कार्यक्रमाचे उरलेले खेळ झाले, सिना तिच्यावर नाचली आणि काच टिकली. त्या शुक्रवारीही ती टिकली असती, असं सगळे म्हणतात. मी त्यांना काही बोलत नाही. कधी खेळ चालू असताना चौकोनाकडे मान वळते, ती मी परत आणतो.

परवा सकाळी इन्व्हर्मेच्या शाळेसमोरून जाताना मला गाडी थांबवावी लागली. रस्त्यात रेलीन उभी होती, नारिंगी जाकिटात, हातात थांबायची गोल पाटी. शाळेच्या मुलांना रस्ता पार करून द्यायचं हे काम इथे बायका निवृत्त झाल्या की घेतात. धुकं होतं. मुलं रमतगमत रस्ता ओलांडत होती; एकाचं दप्तर पडलं, तिने उचलून दिलं. तिने मला ओळखलं. कुठल्याही गाडीवाल्याला करावा तसा हात केला.

शेवटचं मूल पलीकडे पोचलं. फाटक वाजलं. रस्ता मोकळा होता, माझ्या मागे तीन गाड्या उभ्या होत्या, आणि रेलीनने पाटी खाली केली नव्हती. ती तशीच उभी होती, पाठ ताठ, धुक्यात जिथे रस्ता दिसेनासा होतो तिकडे बघत. कुणी हॉर्न वाजवला नाही. मी इंजिन बंद केलं आणि थांबलो.