काट्यावरचं दुकान

परसातल्या लिंबोणीच्या झाडावर एका पक्ष्याने दुकान थाटलं होतं. मूठभर जीव, डोळ्यांवर दरोडेखोराची काळी पट्टी, चोच पुढे आकड्यासारखी वळलेली. सकाळी नाकतोडे, दुपारी पाली, कधी उंदराचं पिल्लू, असा माल तो जिवंतच काट्यांवर टोचून ठेवी आणि भूक लागेल तसा तोडून खाई. या पक्ष्यालाही खाटीकच म्हणतात, असं कळल्यावर म्हातारा म्हणाला, "खाटीक नको. शिकाऊ म्हणा." त्याला तो हक्क होता. चाळीस वर्षं मटणाच्या दुकानात सत्तूर चालवून तो नुकताच घरी बसला होता.

पहिली पाल पक्ष्याने शेपटीने टांगली. शेपूट काट्यावर राहिली, पाल पसार. "सांध्यात घाल, गाढवा!" म्हातारा खुर्चीतून ओरडला. दुसरी पाल मानेच्या सांध्यात बसली आणि तासभर पाय झाडत राहिली. म्हातारा मांडीवर थापा मारून हसला.

"तुझ्या मुलाला एवढं कळायला सहा महिने लागले," तो बायकोला म्हणाला. मुलगा कुठे चुकला की तो तिचा व्हायचा.

पक्षी नकलाही करायचा. चिमणीच्या पिल्लासारखा केविलवाणा रडायचा, आणि चिमणी धावत आली की तिचंच डोकं फोडायचा. "काय नग आहे!" म्हातारा कौतुकाने म्हणायचा.

आता झाडावर घरटं होतं, त्यात तीन पिल्लं. आणि झाड नेमकं तिथे होतं जिथे आता दुकान चालवणाऱ्या मुलाला मटणासाठी थंड खोली बांधायची होती.

"पंधरा दिवस थांब. पिल्लं उडू देत."

"माल सडतोय बाबा. गवंडी उद्या येतोय." मुलगा हसला. "जन्मभर मुंडकी उडवलीत, आणि आता पिल्लांचा पुळका?"

"ती मुंडकी गिऱ्हाइकाची होती. हे माझं झाड आहे."

सकाळी मुलगा सत्तूर घेऊनच परसात आला. पहिल्या घावाला फांदी लोंबली, घरटं कलंडलं. पक्षी सुसाट खाली आला आणि त्याने मुलाच्या कानाची पाळी फाडली. रक्त मानेवरून सदऱ्यात उतरलं. मुलगा आंधळ्यासारखा सत्तूर फिरवत सुटला; पानं, काटे, टांगलेले नाकतोडे, सगळं त्याच्या अंगावर पडत होतं.

म्हातारा आत गेला आणि आपला जुना सत्तूर घेऊन आला.

"बाजूला हो, नाहीतर तुला टांगतो."

"टांगा की! गुडघे चालतात का तेवढे?"

म्हाताऱ्याने सत्तुराची सपाट बाजू त्याच्या जबड्यावर हाणली. मुलाने दात थुंकला आणि बापाच्या गुडघ्यावर लाथ घातली. म्हातारा कोलमडला. झाडाखाली दुकानातला झिजलेला ओंडका पडला होता, त्याला धरून तो कसाबसा उभा राहिला. दोघांचेही सत्तूर वर गेले. आता दोघांपैकी कुणीच नुसती भीती घालत नव्हता.

"ठेव!" दारातून आई किंचाळली.

दुकानात नियम असा होता की सत्तूर कुणी कुणाच्या हातात द्यायचा नाही. समोरच्याने "ठेव" म्हटलं की असेल ते काम सोडून पातं ओंडक्यात रुतवायचं. मग ज्याला हवा त्याने उचलायचा. म्हाताऱ्याच्या थोरल्या भावाने एकदा सत्तूर हातात दिला होता, तेव्हा त्या देण्याघेण्यात म्हाताऱ्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली होती. त्यानंतरचा हा नियम. मुलाला त्याने तो थोबाडीत मारून मारून शिकवला होता, आणि मुलगा एकही थोबाडीत विसरला नव्हता.

दोन्ही सत्तूर एकदमच खाली आले. म्हाताऱ्याचा लाकडात रुतला. मुलाचाही रुतला, पण ओंडका धरून ठेवलेल्या बापाच्या डाव्या हातावरून. एकाच वेळी दोघांनी ठेवायचं असेल तर काय, हे नियमात कुणी घातलं नव्हतं.

ओरडला तो मुलगा. म्हातारा नुसता हाताकडे बघत राहिला. करंगळीचं वरचं पेर नव्हतं.

आईने पदराचा बोळा हातावर दाबला, मुलाने बापाला पाठीवर घेतलं आणि तिघं कोपऱ्यावरच्या दवाखान्यात पोचले. डॉक्टर म्हणाले, "तुकडा कुठाय? शिवता येतो का बघू. पळा!"

मुलगा पळाला. बऱ्याच वेळाने परत आला तो रिकाम्या हाताने. डोक्यावर चोचींच्या नव्या खुणा होत्या, आणि ओठांभोवती ओकारी सुकली होती.

"सापडलं का रे?" आईने विचारलं.

"सापडलं. वरच्या काट्यावर टांगलंय." त्याने भिंतीला पाठ टेकली. "निम्मं पिल्लांना भरवून झालंय."

डॉक्टर टाके घालायचे थांबले.

"सत्तूर होता ना हातात?" म्हाताऱ्याने विचारलं. "फांदी तोडून आणायचीस."

"होता." मुलगा जमिनीकडे बघत होता. "गवंड्याला पंधरा दिवसांनी ये म्हणालो."

म्हाताऱ्याने मान हलवली. टाका पडला तसे त्याने दात आवळले, आणि दुखणं ओसरल्यावर हळूच विचारलं, "कसं टांगलंय?"

मुलाने कानाची फाटलेली पाळी चाचपली. मग म्हणाला, "सांध्यात. बरोबर सांध्यात."

"झाला तयार," म्हातारा म्हणाला.