चाळणीचा ठेका

माणूस ओळखायचा तर त्याची जमीन विचारू नये, त्याचं शिक्षण विचारू नये, तो गाणं कोणतं ऐकतो तेवढं बघावं, असं भावसिंगबापूंचं मत होतं. मत कसलं, कायदाच होता तो. सिद्धेश्वर धरणाच्या वरच्या अंगाला त्यांचा तांडा, आणि तांड्यात बापूंचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. का देतील? होळीला बापू नगाऱ्यावर बसले की म्हाताऱ्याकोताऱ्यांचे पाय जागच्या जागी हलायला लागायचे. असा कानाचा पक्का माणूस गाण्याबद्दल बोलतोय म्हटल्यावर बाकीच्यांनी माना डोलवायच्या. जीपवाला जुनी गाणी लावतो? बसा बिनघोर. सोयरीक घेऊन आलेल्या पोराच्या मोबाईलात धांगडधिंगा वाजला? चहा पाजा आणि वाटेला लावा.

आणि अशा माणसाच्या घरी देवानं सून धाडली ती संगिता.

संगिताचं आवडतं गाणं एकच, डीजेचं. त्यात धड ओळ म्हणाल तर एक. एक बाई मोटरसायकलवर बसवून ने म्हणून गळ घालते, बाकी सगळा ढणढणाट आणि मधूनमधून भोंगा. नवरा दिपक औंढा-हिंगोली रस्त्यावर जीप चालवायचा, त्यामुळं घरचा जुना ट्रॅक्टर संगिताच्या हाती. त्यावर हंड्याएवढे दोन स्पीकर. ती नांगरायला निघाली की अर्ध्या शिवाराला ती मोटरसायकलवाली ऐकावी लागायची. बापू बाजेवर बसल्या बसल्या बायकोला, बेबीबाईला, म्हणायचे, "या पोरीच्या डोस्क्यात निस्ता भुसा हाये."

संगिताला हे ऐकू जायचं. लागायचंही. पण तांड्याची रीत अशी की सुनेनं सासऱ्यापुढं तोंड उघडायचं नाही. बापूंना सुनेला काही सांगायचं तर ते बेबीबाईला सांगायचे, आणि सुनेला काही म्हणायचं तर तिनंही बेबीबाईच्याच कानाला लागायचं. लग्नाला सहा वर्षं झाली, एका चुलीचा संसार, पण सासरा-सून एकमेकांशी एक अक्षर बोलले नव्हते.

यंदा बायकांच्या बचत गटानं मळणीयंत्र आणलं. नवंकोरं, लालभडक. आता ते चालवायचं कुणी? संगिताच्या मनात ते पहिल्या दिवसापासून भरलं होतं. चालवायचं ते आपणच, दुसऱ्यानं त्याला हात लावलेलासुद्धा तिला खपत नव्हता. गावोगाव मशीन घेऊन जायचं, लोकांनी वाट बघायची, नुसत्या कल्पनेनं तिला रात्रभर झोप यायची नाही. पण गटातल्या निम्म्या बायकांचं म्हणणं पडलं की शेजारच्या तांड्यावरचा उत्तमसिंग चांगला, गडीमाणूस आहे, वागायला सभ्य आहे. मग असं ठरलं, की बापूंची सोयाबीनची गंजी दोघांनी निम्मी निम्मी काढायची. बापू दाणा बघतील आणि सांगतील. ते म्हणतील त्याच्या हाती मशीन. बापूंचं ते सोयाबीन पुढच्या पेऱ्याच्या बियाण्याचं होतं. त्यात डाळ पडली, म्हणजे दाणा फुटला, की ते उगवायचंच नाही.

सकाळी उत्तमसिंग आला. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, आणि खिशातल्या मोबाईलवर हळू आवाजात कुणीतरी विरहानं तळमळत होतं. बापू खूश. किती विचारी माणूस, म्हणाले, किती खोल. उत्तमसिंगनं अर्धी गंजी काढली. बापूंनी पसाभर दाणे हातावर घेतले तर त्यात डाळच डाळ. त्यांनी आभाळाकडं बघितलं आणि ऊन फार कडक पडलंय, सोयाबीन तडकलं असेल म्हणाले. आवडत्या माणसाची चूक असली की बिचाऱ्या उन्हाच्या माथी मारायची, दुसरं काय.

मग संगिताची पाळी आली. तिनं पदर कमरेला घट्ट खोचला, स्पीकरच्या बटणाकडं हात नेला, तोच बापूंनी बेबीबाईला हाक मारून सांगितलं, की तिला सांग, गाणं बंद. काम करायचं तर डोकं ठिकाणावर ठेवून करायचं.

संगितानं हात मागं घेतला. गाणं बंद ठेवून तिला चालणार नव्हतं आणि का चालणार नव्हतं ते फक्त तिलाच ठाऊक होतं. मशीन आलं त्या दिवशी कंपनीचा माणूस चालवून दाखवायला आला होता, आणि बापू नेमके औंढ्याच्या बाजाराला गेले होते. त्या माणसाकडं वेग मोजायचं यंत्र होतं. त्यानं ट्रॅक्टरची रेस कमीजास्त करून बरोबर वेग लावून दिला, दाणा मोत्यासारखा पडायला लागला. हा वेग सोडू नका म्हणाला, आणि आपलं यंत्र घेऊन निघून गेला. या ट्रॅक्टरच्या मीटरचा काटा तर कधीचाच मेलेला. वेग कळायचा कसा? पण तेव्हा ट्रॅक्टरवर संगिताचं गाणं चालू होतं, आणि तिच्या एक ध्यानात आलं होतं. गाण्याच्या एका ठेक्याला मशीनची चाळणी बरोबर दोन हिसके देत होती. वेग वाढला की चाळणी गाण्याच्या पुढं पळायची, कमी झाला की मागं पडायची. गाणं कधी थकत नाही, चुकत नाही. त्याच्याशी मशीन जुळवलं की झालं.

बेबीबाईला ती याडी, म्हणजे आई, म्हणायची. तिला बाजूला घेऊन तिनं सांगितलं, की याडी, गाण्याशिवाय मला मशीनचा वेग कळायचा न्हाई. बेबीबाई म्हणजे भलं माणूस, पण मशीनचा आणि तिचा काय संबंध? ती बापूंपर्यंत चालत गेली तोवर निरोपातला वेग वाटेतच सांडला. पोरगी म्हणते गाण्याशिवाय तिला करमत न्हाई, एवढंच तिनं जाऊन सांगितलं. बापूंनी कपाळावर हात मारला. उत्तमसिंग गालातल्या गालात हसला.

झालं. संगितानं गाण्याशिवाय मशीन सुरू केलं. अंदाजानं रेस दिली. बायका गंजीवरून सोयाबीन उचलून घास टाकायला लागल्या आणि पहिल्याच घमेल्यात डाळ दिसली. तिनं रेस कमी केली, तर दाणा भुशाबरोबर मागं उडून जायला लागला. पुन्हा वाढवली, पुन्हा डाळ. बापू उठून आले, घमेल्यात हात घातला, दाणे परत टाकले आणि जाऊन बसले. आता ऊनसुद्धा कडक नव्हतं त्यांना.

मशीन हातचं चाललंय हे संगिताला लख्ख दिसत होतं. सहा वर्षं गप्प बसले, तिच्या मनात आलं, आणि आज गप्प बसण्यापायीच घालवू का? गेली उडत ती रीत. तिनं हात लांब केला आणि स्पीकरचं बटण दाबलं.

मोटरसायकलवाली शिवारभर कडाडली. झाडावरचे बगळे उडाले. बेबीबाईनं डोळेच मिटून घेतले. बापू ताडकन उठले आणि तरातरा ट्रॅक्टरकडं निघाले, ते आता वायर तोडूनच टाकणार असं सगळ्यांना वाटलं. संगितानं तिकडं बघितलंच नाही. तिचा एक हात रेसच्या दांडीवर आणि सगळा जीव कानात. थोडं कमी. आणखी थोडं. चाळणी अजून पुढं पळते. आणखी कणभर. आणि बसली! एका ठेक्याला दोन हिसके, खटखट, खटखट, एकदम चपखल.

बापू अर्ध्या वाटेवर थांबले.

त्यांचं तोंड अजून रागावलेलंच होतं, पण उजव्या पायाचा अंगठा मातीवर ताल धरायला लागला होता. त्यांनी आधी स्पीकरकडं बघितलं, मग चाळणीकडं, मग सुनेच्या हाताकडं. नगारा वाजवणाऱ्या माणसाला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी मान तिरकी केली आणि ऐकतच उभे राहिले.

तेवढ्यात बायकांनी जोशात येऊन एक मोठा दमट घास मशीनच्या तोंडात कोंबला. मशीन गुरगुरलं. चाळणी ठेक्याच्या केसभर मागं पडली. कुणाला कळलंही नसतं, उत्तमसिंगला तर नाहीच कळलं. पण बापूंचा हात झपकन वर गेला, थांबा म्हणून, आणि त्याच क्षणाला संगितानंही बायकांना हात करून दांडी पुढं सारली. दोघांचे हात एकदमच वर गेले होते. मशीननं तो घास पचवला, चाळणी पुन्हा ठेक्यावर आली. घमेल्यात दाणा पडत होता तो सगळा अख्खा, पिवळाधमक. बायका हसायला लागल्या, कुणी शिट्टी मारली. संगिताला वाटलं आता आपण ट्रॅक्टरसकट उडतोय.

गंजी संपली तसं मशीन थांबलं आणि गाणंही. बापू ट्रॅक्टरजवळ आले. बेबीबाई लगबगीनं मधे येऊन उभी राहिली, निरोप न्यायला. बापूंनी तिला हातानं बाजूला केलं.

"काहून सांगितलं न्हाई?" त्यांनी सुनेलाच विचारलं.

सगळ्या बायका माना वळवून बघायला लागल्या. संगितानं पदर डोक्यावर ओढला, पण मान खाली घातली नाही.

"सांगितलं व्हतं, बापू. तुमच्यापोहोत आलं न्हाई."

बापू थोडा वेळ घमेल्यातले दाणे या हातातून त्या हातात करत राहिले. मग एक वाट त्यांना सापडली, तसा त्यांचा चेहरा जरा खुलला.

"म्हंजी तू हे गाणं मशीनसाठी लावून राहिली. तुला काई ते आवडत न्हाई."

हो म्हटलं असतं तर सगळंच सोपं होतं. बापूंचा कायदाही शाबूत राहिला असता.

"आवडतंय की," संगिता म्हणाली. "लई आवडतंय."

बापूंनी उत्तमसिंगकडं बघितलं, त्याच्या खिशात अजूनही कुणीतरी तळमळत होतं. मग त्यांनी स्वतःचंच डोकं खाजवलं. त्यांच्या मोबाईलची घंटी वाजली म्हणून ते सुटले. फोन तातेराव पाटलाचा होता, पलीकडच्या गावचा. नवं मशीन आलंय म्हणे, लांबूनच आवाज ऐकला, आमची पण गंजी काढायची आहे, मशीनवाला कोण, त्याला उद्याच पाठवा, असं तातेराव मोठमोठ्यानं सांगत होता.

"मशीनवाला न्हाई, पाटील," बापू म्हणाले, "आमची सून हाये. तिलाच इचारा."

आणि सगळ्या तांड्यादेखत त्यांनी फोन सुनेपुढं धरला. संगितानं हात पदराला पुसले आणि फोन कानाला लावला. शेजारी सासरा उभा होता. ती खणखणीत आवाजात बोलली, पार गंजीपलीकडच्या बाईलाही ऐकू जाईल अशी.

"बोला, पाटील. मी संगिता बोलून राहिले."