कानशीचा आवाज

"पहिल्या ओढीला जोर लावू नकोस, याकूब. आत तेल घट्ट झालंय. हळू ओढून सोड, मग चोक दे."

"विजयभाऊ, हे तुम्ही मला रोज सांगता. मी काय आज लागलोय कामाला?"

तरी त्याने हळूच ओढलं. दोरी जड गेली. मग चोक देऊन दोनदा ओढल्यावर चेनसॉ खोकली आणि तिसऱ्या ओढीला चालू झाली. तिच्यावर बसलेलं दव थरथरून खाली पडलं. याकूबने लाकडात एक काप घेतला, इंजिन बंद केलं आणि अंगठा वर करून दाखवला. त्याच्या दुसऱ्या हातात मोबाइल होताच.

दुबईच्या पुढे, रास अल खैमाला माशांचं एक मोठं कोल्ड स्टोअर आहे. त्याचा एक कोपरा आमच्या कंपनीने भाड्याने घेतला होता. आमचा धंदा हत्यारं विकण्याचा आणि दुरुस्तीचा. या खेपेला लाकूडतोडीच्या चेनसॉची ऑर्डर कझाकस्तानला जाणार होती. तिथल्या बायरची अट अशी की प्रत्येक मशीन थंडीसाठी लावून, रात्रभर गोठवून, सकाळी चालू करून दाखवायची. म्हणून संध्याकाळी सगळ्या मशिनी सुरमईच्या खोक्यांशेजारी मांडायची आणि सकाळी एकेक बाहेर काढायची. आत धूर कोंडतो, म्हणून इंजिन चालवायचं बाहेरच्या धक्क्यावर, जिथे ट्रक लागतात. आत उणे वीस आणि धक्क्यावर सप्टेंबरचं ऊन. आम्ही दोघं स्वेटर घालून घामाने निथळत होतो.

थंडीसाठी लावणं म्हणजे फार काही नाही. साखळीला पातळ तेल घालायचं. साखळी थोडी सैल ठेवायची, कारण थंडीत ती आखडते. आणि झाकणाखालचं एक छोटं शटर फिरवायचं. त्यावर एका बाजूला सूर्य कोरलाय, दुसऱ्या बाजूला बर्फाची चांदणी. चांदणी वर आली की इंजिनाचीच गरम हवा कार्बोरेटरमध्ये जाते आणि तो गोठत नाही. पण अशी मशीन उन्हात जास्त वेळ चालवली तर ती आतून भाजते. म्हणून एक काप घ्यायचा आणि बंद.

याकूब दापोलीचा. आमच्याच बिल्डिंगमध्ये खाली, चौघांच्या खोलीत राहायचा. विभावरी, माझी बायको, त्याला दर शुक्रवारी जेवायला बोलवायची. ती वारली त्याला आता दोन वर्षं झाली. त्यानंतर याकूब शुक्रवारी येतो, पण डबा घेऊन.

आणि आता याकूबची बायको येणार होती. शुक्रवारीच. तिचा व्हिसा झाला होता, त्याने वन बीएचके घेतला होता, पडदे लावले होते. दिवसभर खतीजाचे फोन. "जेवलात का?" "ऊन फार आहे का?" "माझी काळी चप्पल आणू का निळी?" हा प्रत्येक वेळी हसून उत्तर द्यायचा. मी कानशीने साखळीचे दात घासत बसायचो आणि मनात म्हणायचो, दोन्ही आण बाई, पण फोन ठेव. मला ते सहन होत नव्हतं. 'जेवलात का' हे मला विचारणारं माणूस राहिलं नव्हतं आणि याला ती दिवसातून चारदा विचारत होती.

अकराच्या सुमाराला आमचे मालक कुणाल आले. वयाने माझ्या मुलासारखे, मला काका म्हणतात.

"काका, यल्ला, चला लवकर, बायरला आज डेमोचा व्हिडिओ पाहिजे. एक चांगला पीस काढा. त्याने ओके केलं की खलास, उद्या कंटेनर भरू."

आम्ही एक मशीन निवडली. तिचे चार-पाच काप घेऊन झाले, व्हिडिओ झाला. कुणाल फोनवर बोलत पार्किंगकडे गेले. मशीन तापली होती. मी ती आत ठेवायला उचलली, तेवढ्यात मागून आवाज आला.

"भाऊजी, वाल भिजवलेत ना? आता नीट ऐका."

विभावरीचा आवाज.

मी वळलो. याकूब उलट्या क्रेटवर बसून मोबाइल कानाजवळ धरून ऐकत होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "वहिनींनी बिरडं सांगितलेलं ना, तेच ऐकतोय. खतीजा येईल त्या दिवशी मीच करणार. मोड कसे आणायचे तेच विसरलो."

"हे कुठनं आलं?"

"व्हॉइस मेसेज. वहिनी पाठवायच्या. बरेच आहेत. आमटी, कोलंबी, मसाला कसा..."

तो सहज म्हणाला. बरेच आहेत.

माझ्याकडे एकही नव्हता. माझ्या मोबाइलमध्ये तिचे इंग्लिश अक्षरांत लिहिलेले मेसेज होते, 'yetana kothimbir', 'dudh sampla'. एका घरात राहणारी माणसं एकमेकांना आवाज पाठवत नाहीत. हाक मारतात, आणि ती हाक तिथेच संपते. तिचा आवाज मी आठवायला लागलो की हल्ली दुसऱ्याच कुणाचा तरी आठवायचा. आणि याच्या खिशात ती दोन वर्षं बोलत होती. याला वाटेल तेव्हा. बस स्टॉपवर, बाथरूममध्ये, कुठेही.

"एसीच्या खोलीत ठेवाल तर मोड येणार नाहीत, भाऊजी..."

मी दोरी ओढली. तापलेलं इंजिन लगेच लागलं. मी पूर्ण रेस दाबली. लाकूड नाही, काही नाही, नुसतीच हवेत. तिचा आवाज बुडाला. याकूबचं तोंड हलताना दिसत होतं, तो हाताने 'बंद करा' म्हणत होता. मी त्याच्याकडे बघत रेस दाबून धरली. त्याला ऐकू येऊ नये एवढंच मला पाहिजे होतं. झाकणाखाली चांदणी वर होती, हे मला माहीत होतं. मीच फिरवली होती.

मशीन एकदम किंचाळली आणि जाम झाली. मी दोरी ओढून पाहिली. दगडासारखी. पिस्टन तापून आत चिकटला होता.

कुणाल धावत आले. "काय झालं? डेमो पीस? बायर म्हणतोय हाच सीरियल नंबर पाठवा!"

"माझी चूक, सर," याकूब म्हणाला. "मी शटर बदललं नाही आणि चालू ठेवली."

तेही त्यालाच जमलं. बायको येतेय, आवाज आहे, आणि वर मोठं मनही याचंच. मी म्हणालो, "नाही. मी चालवली. मीच जाळली."

कुणाल माझ्याकडे वळले. "काका, तुम्ही? तुम्ही तर सगळ्यांना शिकवता."

"हो."

"ठीक आहे. बायरशी बोलतो मी. दुसरा पीस, दुसरा व्हिडिओ. आज म्हणजे आजच."

ते गेले. याकूबने स्वेटर काढून खांद्यावर टाकला. मग म्हणाला, "भाऊ, मला वाटलं तुमच्याकडे तर पोत्याने असतील."

"काय?"

"वहिनींचे मेसेज."

"एकही नाही."

"एक पण नाही?"

"मला कशाला पाठवेल? मी समोरच असायचो."

त्याने मोबाइल पुन्हा उचलला. आणि त्यावर बोट फिरवायला लागला. माझ्या खिशात टिणटिण सुरू झाली आणि बराच वेळ थांबली नाही.

"तुझे राहू देत तुझ्याकडे," मी म्हणालो. मनात नव्हतं, तरी म्हणालो.

"शुक्रवारी जेवायला या, भाऊ. मोड आले तर बिरडं, नाहीतर अंडी."

संध्याकाळी दुसरा व्हिडिओ गेला. याकूब हात धुऊन पडद्यांच्या कड्या घ्यायला बाजारात गेला. मी धक्क्यावर बसलो. जळलेल्या मशीनची साखळी चांगली होती, दुसऱ्या कुठल्यातरी मशीनला चालली असती. मी ती शिकंज्यात अडकवली आणि कानस घेतली. मोबाइल शेजारी उभा केला आणि बिरड्याचा मेसेज लावला.

"भाऊजी, वाल भिजवलेत ना? आता नीट ऐका. एसीच्या खोलीत ठेवाल तर मोड येणार नाहीत. फडक्यात बांधा आणि गीझरच्या बाजूला..."

तिच्या मागे काहीतरी खरखरत होतं. आधी मला वाटलं मोबाइल खराब आहे. मग कळलं. कानस होती. घरी, आमच्या खोलीत, वर्तमानपत्र अंथरून मी तेव्हा बसलो होतो, आणि ती फोनवर बोलतेय असं समजलो होतो.

"अहो, थांबवा ना ते जरा, मी बोलतेय," ती म्हणाली. मग याकूबला, हसत, "बघा, घरीसुद्धा साखळी घेऊन बसतात."

मागची कानस थांबली. माझा हातही थांबला.

पुढे ती वालांबद्दल बोलत राहिली. साल कशी काढायची, गूळ कधी घालायचा. मी हात तसाच ठेवून ऐकलं.