करोडगिरीच्या भिंतीवरील पट्ट्या

लातूरच्या गंजगोलाईपासून थोड्या अंतरावर करोडगिरीची दगडी इमारत उभी होती. निजामाच्या अमदानीत परमुलखातून येणाऱ्या मालावर येथे जकात घेतली जात असे. कापड, तेल, मीठ, जे काही नगरात शिरे ते प्रथम या कमानीखाली थांबे. समुद्र शेकडो कोस दूर. तथापि बैलगाड्यांचे बंदर म्हणावे तर ते हेच. पुढे निजामाचे राज्य गेले, जकातही गेली, आणि कमानीवरील उर्दू अक्षरांवर चुन्याचे हात बसत गेले.

खालच्या खोलीत मात्र पुस्तकबांधणी करणारा सरदार जिल्दसाज पूर्ववत बसत होता; त्याचे बिऱ्हाडही तेथेच होते. त्याच्या वडिलांनी याच खोलीत करोडगिरीची दप्तरे बांधली होती. सरदार शिकवणी-वर्गांच्या नोट्स बांधी. चाकूर, मुरुड, फार काय नांदेडहूनही मुले डॉक्टर होण्यासाठी लातुरास येत, आणि त्यांच्या पिशव्यांत सरदारच्या हातची बांधणी असे.

१९९३ च्या भूकंपात खोलीची मागील भिंत तिरपी चिरली. ती पुढे सरकते की काय हे कळावे म्हणून सरदारने चिरेवर तीन कागदी पट्ट्या खळीने चिकटविल्या व प्रत्येकीवर उर्दूत तारीख घातली. भिंत हलली तर कागद फाटणार, इतकी साधी ती युक्ती. उरलेली चीर कागदांच्या गठ्ठ्यांमागे झाकली गेली. तेरा वर्षे लोटली, तरी पट्ट्या अखंड होत्या.

एके दिवशी इमारतीचे मालक व्यंकटराव आले.

"सरदारभाई, क्लासवाले पंचाक्षरी सर वरच्या मजल्यावर पोरींची अभ्यासिका काढायची म्हणून राहिले. साठ पोरी. इंजिनियर म्हणतो, पाडा. सर म्हणतात, तेरा वर्षांत भिंत हलली न्हाई तर पाडायची कशाला? सोमवारी पट्ट्या बघाय येणार हायेत. पट्ट्या शाबूत, तर तुमचं दुकानबी शाबूत."

"माझी पट्टी म्हणजे दस्तऐवज हाय, व्यंकटराव."

"हाव, पण उर्दूत हाय. सरांना वाचून दाखवा म्हणजे झालं."

सोमवारी सकाळी सरदारने ओल्या फडक्याने पट्ट्या पुसावयास घेतल्या. मधल्या पट्टीचा कोपरा सुटला, आणि त्यामागे छापील अक्षरे दिसली. त्याने पट्टी हलकेच उतरविली. दर्शनी बाजूस पाच ऑक्टोबर १९९३ ही तारीख होती. पाठीवर छापले होते : सराव परीक्षा, फेब्रुवारी २००४. वेळ : तीन तास.

पूर्वी ज्या चिरेत नखदेखील शिरत नव्हते, तेथे आता त्याची करंगळी गेली.

त्या घरात उर्दू लिहिता येणारी माणसे दोनच. दुसरी त्याची पत्नी जाहिदा, जी दाराशी बसून छापील पानांच्या घड्या घालीत होती.

"ही पट्टी फाटली व्हती?" त्याने विचारले.

जाहिदाने हातातील घडी पुरी केली. "कोणत्या खेपेचं म्हणता?"

"किती खेपा झाल्या?"

"चार. भूकंपानंतर सा महिने तुम्ही अंगणात बाज टाकून झोपले, नाझनीनचे अब्बा. पट्ट्या फाटत न्हाईत म्हणून तर आत आले. मग फाटली हे कोण सांगणार?"

"अन् हा पिवळा रंग?"

"चहाचा. नवा कागद लई पांढरा दिसतो."

सरदारने तारीख पुन्हा निरखली. "अक्षर माझ्यापेक्षा बरं हाय तुझं," तो म्हणाला. पट्टी परत चिकटविण्यास खळ तयारच होती.

"आज लावून टाका," जाहिदा म्हणाली. "दुकान गेल्यावर काय नांदेडला जावयाच्या दारात बसायचं?"

"वर पोरी बसणार हायेत. साठ."

जाहिदाने पुढचे पान उचलले, परंतु घडी घातली नाही. "नाझनीनएवढ्या?"

"तिच्याहून लहान."

तिने खळीचे भांडे उचलले व बाहेर नेऊन ठेवले.

दुपारी व्यंकटराव पंचाक्षरी सरांना घेऊन आले. सरदारने तिन्ही पट्ट्या मेजावर उलट्या मांडल्या होत्या. सरांनी एक उचलली.

"हा तर आमच्याच क्लासचा पेपर."

"पुढून पाच ऑक्टोबर त्र्याण्णव लिवलंय, सर. ते खोटं हाय. आमच्या घरातून झालं, कोणी केलं ते इचारू नका. खरं काय ते भिंतीत बोट घालून बघा."

सरांनी बोट घातले आणि लगेच काढून घेतले.

"मला आधी सांगायचं न्हाई का, सरदारभाई?" व्यंकटराव म्हणाले.

"तुम्ही म्हणला असता, परत चिकटवा. मला चिकटवायची हौस आधीच लई व्हती."

सर कमानीपर्यंत गेले आणि मागे वळले. "अभ्यासिका दुसरीकडं बघतो. माझ्या नोट्स कधी देणार?"

"बुधवारी."

ते गेल्यावर सरदार व जाहिदा यांनी बांधणीचे जड दाबयंत्र दोघांच्या बळाने ओढीत भिंतीपासून दूर, दाराच्या उंबऱ्याशी आणले. मग बुधवारचे काम पुरे करावयास ते तेथेच बसले.